नवीन एअर पिस्तूल घेताय? चकाकी नंतर, बांधणी आधी



२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ जिंकलं. सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिकमध्ये आणखी एक ब्राँझ घेतलं. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं. आता "मुलाला शूटिंगला घालायचंय, जवळ कुठे अकॅडमी आहे का?" हा प्रश्न तालुक्याच्या गावातही ऐकू येतो. आणि जिथे असा प्रश्न येतो, तिथे धंद्याची संधी असते.

१० मीटर रेंजला मैदान लागत नाही. लांब हॉल, भक्कम भिंत, चांगला उजेड आणि नीट आखलेल्या लेन असल्या की सुरुवात होते. म्हणून बरेच जण यात उतरायचा विचार करतात. जागा ठरते, कोच ठरतो, बोर्ड रंगतो. आणि सगळ्यात महागडी खरेदी मात्र अर्ध्या तासात उरकली जाते. विक्रेता पेटी उघडतो, काळंभोर चकचकीत पिस्तूल हातात देतो, आपण दोनदा उचलून बघतो, "मस्त आहे" म्हणतो आणि ॲडव्हान्स देऊन टाकतो.

आज आपण हेच बघणार आहोत: नवीन एअर पिस्तुलाचं फिनिश आणि बांधणी पैसे देण्याआधी कशी तपासायची. तुम्ही नेमबाज नसलात तरी चालेल. यातल्या बहुतेक गोष्टी डोळे, बोटं आणि थोडा संयम एवढ्यावर तपासता येतात.

आधी थोडी आकडेमोड

घरी हौसेसाठी घेतलेलं पिस्तूल आणि अकॅडमीतलं पिस्तूल, दोन्ही एकच मॉडेल असलं तरी दोघांचं आयुष्य वेगळं. समजा एका पिस्तुलावर आळीपाळीने चार मुलं सराव करतात. प्रत्येकाचे दिवसाला १०० शॉट, महिन्याचे २५ दिवस. म्हणजे एका पिस्तुलातून महिन्याला १०,००० शॉट. वर्षाला १,२०,०००. एवढ्या वेळा ट्रिगर दाबला जाणार, एवढ्या वेळा पेलेट भरायचं झाकण उघडबंद होणार. जो स्क्रू आज केसभर हलतो, तो दिवाळीपर्यंत खुळखुळायला लागणार.

आता पैशाचं बघा. आकडे फक्त समजण्यासाठी घेतोय. एक पिस्तूल दीड लाखाचं, दुसरं एक लाखाचं. दुसरं घेतलं, ५० हजार वाचले. पण ते वर्षात दोनदा दुरुस्तीला गेलं आणि दर वेळी दीड महिना अडकलं. त्या लेनवर चार मुलं, प्रत्येकाची फी महिना २,५०० रुपये. तीन महिने लेन बंद म्हणजे ३०,००० रुपये गेले. दुरुस्तीचा आणि कुरिअरचा खर्च वेगळा. वाचलेल्या ५० हजारांतलं हातात काय उरलं?

आणि एक नुकसान हिशोबाच्या वहीत येतच नाही. मूल महिनोन्‌महिने सराव करतं, शॉट डावीकडे जातो, कोच म्हणतो "तुझं मनगट हलतंय". मनगट ठीक असतं, ढिली असते साइट. ते मूल स्वतःवरचा विश्वास गमावतं. पालक गावात जे बोलतात, ते कुठल्याही जाहिरातीने पुसलं जात नाही.

कागद आधी, पिस्तूल नंतर

एअर पिस्तूल हवेच्या दाबावर चालतं, दारूवर नाही. स्पर्धेचं पेलेट ४.५ मिलिमीटरचं म्हणजे ०.१७७ इंची, वजन साधारण अर्धा ग्रॅम, वेग साधारण सेकंदाला १५० मीटर. त्याची ऊर्जा काढली तर साडेपाच ज्यूलच्या आसपास येते. आपल्याकडे २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये २० ज्यूल आणि ०.१७७ इंच ही मर्यादा आहे. त्याच्या आतल्या एअर वेपनसाठी वापरणाऱ्याला शस्त्र परवाना लागत नाही. पण परवाना नाही म्हणजे नियमच नाहीत, असं समजू नका. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या, सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. आणि अकॅडमी सुरू करण्याआधी आपल्या पोलिस ठाण्यात लेखी अर्ज करून स्थानिक अटी समजून घ्या. पोचपावती फाइलला लावा.

दुसरा कागद म्हणजे स्पर्धेचे नियम. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ, म्हणजे आयएसएसएफ, यांच्या नियमानुसार १० मीटर एअर पिस्तुलाचं वजन १,५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, ट्रिगरचं वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी नको आणि पूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. विकत घेताय ते या मापात बसत नसेल, तर मूल स्पर्धेच्या दिवशी तपासणीतच अडकेल. ब्रोशरमधलं वजन वाचून थांबू नका. वजनकाटा मागवा आणि समोर ठेवून बघा.

हात लावण्याआधी चार नियम

एअर पिस्तूल म्हणून हलक्यात घेऊ नका. अर्धा ग्रॅमचं पेलेट डोळा घालवू शकतं.

१. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. माणसाकडे, काचेकडे, आरशाकडे नाही.
२. बोट ट्रिगरच्या बाहेर, जोपर्यंत ट्रिगरच तपासायचा नाही तोपर्यंत.
३. झाकण उघडून आत पेलेट नाही ना, हे स्वतः बघा. विक्रेता "रिकामंच आहे" म्हणाला तरी बघा.
४. नळीत डोकावण्याआधी हवेचा सिलिंडर काढून बाजूला ठेवा.

ही तपासणी करताना विक्रेता घाई करायला लागला किंवा हसला, तर तीही एक माहितीच आहे. जो विक्रेता सुरक्षेला वेळ देत नाही, तो सर्व्हिसला वेळ देईल का?

बाहेरचं फिनिश: बोटांनी वाचा

फिनिश म्हणजे फक्त दिसणं नाही. कारखान्यात शेवटच्या टप्प्यावर कुणी किती काळजी घेतली, याचा तो पुरावा आहे. जिथे डोळ्याला दिसणारी जागा निष्काळजीपणे सोडली आहे, तिथे आतली न दिसणारी जागा कशी असेल याचा अंदाज येतो.

कडा: सगळ्या कडांवरून हळूच बोट फिरवा. ट्रिगरभोवतीची कडी, पेलेट भरायची जागा, सिलिंडर बसतो ती चूड. कुठे बोटाला टोचलं, धातूची बारीक कुस लागली, तर तिथे मशीनिंगनंतरची सफाई झालेली नाही. अशी कुस सुटून आत गेली तर सील कापते.

रंग: ॲल्युमिनियमच्या भागांवर सहसा ॲनोडायझिंग असतं, तो रंग धातूतच मुरलेला असतो. स्टीलच्या भागांवर ब्लूइंग किंवा दुसरा थर असतो. नुसता रंग फवारलेला असेल तर कोपऱ्यात तो जाड साचलेला दिसतो आणि आट्यांमध्ये भरलेला असतो. उन्हात, खिडकीपाशी नेऊन बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच छान दिसतं.

साच्याची रेघ: ओतीव भागावर मधोमध बारीक रेघ राहते. न हलणाऱ्या, बाहेरच्या भागावर ती असेल तर फारसं बिघडत नाही. पण घासणाऱ्या, सरकणाऱ्या भागावर दिसली, तर प्रश्न विचारा.

लोहचुंबक: खिशात छोटं चुंबक ठेवा. "हा भाग स्टीलचा आहे" असं सांगितलं आणि चुंबक चिकटलंच नाही, तर तो बहुधा ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मिश्रधातू आहे. ॲल्युमिनियम वाईट नाही, उत्तम पिस्तुलांतही ते असतं. काही स्टेनलेस स्टीललाही चुंबक चिकटत नाही. म्हणून लगेच आरोप नको, आधी विचारा. पण सांगितलं एक आणि निघालं दुसरं, तर पुढचं बोलणं जपून करा.

स्क्रूची डोकी: नव्या पिस्तुलाच्या स्क्रूच्या खाचा स्वच्छ आणि धारदार हव्यात. खाच विस्कटलेली असेल तर हे पिस्तूल आधी कुणीतरी उघडलेलं आहे. मग ते परत आलेलं आहे की डेमोचं, हे स्पष्ट विचारा. डेमोचं पिस्तूल डेमोच्या भावात घ्यायला हरकत नाही, नव्याच्या भावात का घ्यायचं?

नळी: सगळा खेळ इथे

नळीचं तोंड ही पेलेटला शेवटचा स्पर्श करणारी जागा. तिथे एका बाजूला कुस असेल, तर पेलेट बाहेर पडताना थोडं एका बाजूला ढकललं जातं. तपासायची सोपी युक्ती: कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि तोंडाच्या आतल्या कडेवरून हलकेच गोल फिरवा. कापसाचे धागे एका जागी अडकले, तर तिथे कुस आहे.

मग सिलिंडर काढलेल्या, रिकाम्या पिस्तुलाची नळी एका टोकाकडून उजेड देऊन बघा. आतल्या पीळदार खाचा शेवटपर्यंत एकसारख्या, स्वच्छ दिसल्या पाहिजेत. मध्येच काळा डाग, गंजाचा ठिपका किंवा ओरखडा नको. कोकण-गोव्याच्या दमट हवेत किंवा मुंबईत माल गोदामात पडून राहिला असेल, तर हे आवर्जून बघा.

पेलेट भरायचं झाकण वीसेक वेळा उघडबंद करा. दर वेळी एकाच जोराने, एकाच आवाजात बसलं पाहिजे. बंद असताना डावीउजवीकडे हलवून बघा, डुगडुगायला नको.

साइट आणि ग्रिप: ०.१ मिलिमीटरचा हिशोब

"एवढंसं हलतं, त्याने काय होतंय?" असं विक्रेता म्हणाला तर त्याला हा हिशोब दाखवा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर समजा ३३० मिलिमीटर. मागची साइट ०.१ मिलिमीटर हलली, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी. १० मीटरवर हा फरक साधारण ३ मिलिमीटर होतो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर एका गुणाचं अंतर ८ मिलिमीटर असतं, म्हणजे फायनलमध्ये दशांशात गुण मोजतात तेव्हा ०.१ गुणाला ०.८ मिलिमीटर. म्हणजे कागदाच्या जाडीएवढ्या ढिलेपणामुळे जवळजवळ ०.४ गुण इकडचा तिकडे. आणि फायनलमध्ये ०.१ वर पदक हुकतं.

म्हणून साइट दोन बोटांत धरून हलवून बघा. हलायलाच नको. मग फिरवायचा स्क्रू दहा क्लिक उजवीकडे, दहा क्लिक डावीकडे फिरवा. प्रत्येक क्लिक स्पष्ट जाणवला पाहिजे आणि साइट मूळ जागेवर परत आली पाहिजे.

ग्रिप लाकडी असो की प्लास्टिकची, पिस्तूल एका हातात आणि ग्रिप दुसऱ्या हातात धरून हलका पीळ द्या. कटकट आवाज आला तर बसणी नीट नाही. लाकडाला भेग नको, स्क्रूच्या भोकाभोवती तर अजिबात नको. अकॅडमीसाठी घेताय, तर लहान-मध्यम-मोठी ग्रिप आणि डावखुऱ्यांची ग्रिप वेगळी मिळते का, किती दिवसांत मिळते, हेही विचारून घ्या. डावखुरं मूल आलं आणि ग्रिप नाही म्हणून परत पाठवलं, तर गिऱ्हाईक गेलं ना?

ट्रिगर: दहा वेळा एकसारखा

चांगल्या स्पर्धा-पिस्तुलात पेलेट आणि हवा न वापरता ट्रिगरचा सराव करायची सोय असते, तिला ड्राय फायर म्हणतात. ही सोय आहे ना, ते आधी बघा. नसेल तर अकॅडमीसाठी ते पिस्तूल नको, कारण निम्मा सराव असाच होतो.

मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ट्रिगर तयार करा, नळी सरळ वर धरा, ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवा आणि टेबलावरून हळूच उचला. ट्रिगर सुटायला नको. हे दहा वेळा करा. नऊ वेळा उचललं आणि एकदा सुटलं, तर पिस्तूल नापास, कारण स्पर्धेतला तपासनीस नेमका तोच एक प्रसंग बघेल.

अजून एक चाचणी सुरक्षेची. पिस्तूल रिकामं, ट्रिगर तयार, तोंड सुरक्षित दिशेला. तळहाताने ग्रिपवर हलकी थाप मारा. आपोआप सुटलं तर ते पिस्तूल लगेच परत पेटीत. कितीही सूट दिली तरी नाही. मुलांच्या हातात द्यायचंय, यात तडजोड नाही.

हवा: गळती एका रात्रीत कळते

सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. ती वाचा. स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही, आणि त्याची जबाबदारी नेमबाजावर असते. "नवीन" पिस्तुलाबरोबर चार वर्षं कपाटात पडलेला सिलिंडर आला, तर तुमच्या वापराची चार वर्षं आधीच गेली.

गळती बघायची असेल तर सिलिंडर सांगितलेल्या दाबापर्यंत, बहुतेक पिस्तुलांत २०० बारपर्यंत, सावकाश भरा. भरताना तो गरम होतो, म्हणून लगेच आकडा लिहू नका. तासाभराने, थंड झाल्यावर लिहा. मग पिस्तुलाला जोडून चोवीस तास ठेवा आणि पुन्हा वाचा. इथे एक गंमत लक्षात घ्या: तापमान १ अंश उतरलं की २०० बारचा दाब साधारण ०.७ बार उतरतो. म्हणजे दुपार ते पहाट १० अंशांचा फरक पडला तर ६-७ बारची घट गळतीशिवायही दिसेल. म्हणून दोन्ही वेळा एकाच तापमानाला, एकाच घड्याळी वेळेला वाचा. तरीही काटा उतरला असेल तर सील गळतंय.

आणि हे ठळक अक्षरात वहीत लिहा: सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा. ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालच्या भागांना साधं मशीन ऑइल किंवा ग्रीस लावायचं नाही, त्यातून स्फोट होऊ शकतो. कंपनीने सांगितलेलं वंगणच वापरा.

शेवटची परीक्षा कागदावर

बऱ्याच चांगल्या पिस्तुलांबरोबर कारखान्यातलं टेस्ट कार्ड येतं, पाच किंवा दहा शॉटचा एकच भोकाएवढा गट असलेलं. त्यावरचा सीरियल नंबर पिस्तुलावरच्या नंबराशी जुळवा. मग स्वतः चाचणी मागा. हातात धरून नाही, कारण हाताची थरथर मोजली जाईल. क्लॅम्पमध्ये घट्ट बसवून, १० मीटरवर, एकाच डब्यातली दहा पेलेट. टार्गेटचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. चांगल्या पिस्तुलाचा गट त्यात आरामात मावतो. वेग मोजायचं यंत्र मिळालं तर तेही लावा. दहा शॉटमधला फरक सेकंदाला चार-पाच मीटरपेक्षा जास्त निघाला तर कारण विचारा. गट पसरला तर लगेच नापास करू नका, दुसऱ्या कंपनीचं पेलेट घालून बघा. प्रत्येक नळीला काही पेलेट मानवतात, काही नाही.

सौदा करताना काय लिहून घ्यायचं

पिस्तूल पास झालं, आता विक्रेत्याची परीक्षा. सील किट, ट्रिगरचे सुटे भाग आणि जादा सिलिंडर देशात मिळतात का? दुरुस्ती कुठे होते, किती दिवस लागतात? वॉरंटी अकॅडमीच्या वापराला लागू आहे की फक्त वैयक्तिक? ही तिन्ही उत्तरं तोंडी नको, बिलावर किंवा मेलवर. शिवाय ऑर्डर देताना एक ओळ टाका: "डिलिव्हरीनंतर सात दिवसांत तपासणीत दोष निघाल्यास बदलून द्यावं लागेल." पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. थोडी रक्कम तपासणी होईपर्यंत हातात ठेवा.

चार लेन काढायच्या असतील तर चारही पिस्तुलं एकदम घेऊ नका. आधी एक घ्या. दोन महिने कोचला रोज वापरू द्या. शॉटची संख्या, बिघाड, गळती, सगळं एका वहीत लिहा. ती वही सांगेल की उरलेली तीन तीच घ्यायची की दुसरी. बाकी मशीन घेताना आपण जे करतो तेच इथेही, फक्त इथे मशीनच्या टोकाला कुणाचं तरी मूल उभं आहे.

या तपासणीला एक पूर्ण दिवस आणि एक रात्र लागते. कापसाची काडी, चुंबक, वजनकाटा आणि ५०० ग्रॅमचं वजन, एवढंच साहित्य. एवढा वेळ विक्रेता देत नसेल, तर दुसरा विक्रेता शोधा. दुकानं बरीच आहेत, तुमचं भांडवल मात्र एकदाच जमा झालंय.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत घाई नको, हिशोब पक्का ठेवा!